डबा लपवून झाला. आता नाव काय ठेवायचं?

जिओकॅशिंग म्हणजे डबा लपवायचा, त्याच्या जागेचे आकडे म्हणजे कोऑर्डिनेट्स इंटरनेटवर टाकायचे आणि बाकीच्यांनी जीपीएसनं तो शोधायचा असा खेळ; त्या लपवलेल्या डब्याला कॅश म्हणतात. जागा ठरली. पावसात टिकेल असा डबा मिळाला, आत लॉगबुक (शोधणाऱ्यानं सही करायची वही) आणि पेन्सिल गेली. वेगवेगळ्या वेळी जाऊन कोऑर्डिनेट्स घेतले, शेजारच्या कॅशपासून नियमाचं १६१ मीटरचं अंतर सुटतंय याची खात्री केली. एवढं सगळं निगुतीनं करून माणूस वेबसाइटवरचा फॉर्म भरायला बसतो आणि नावाच्या रकान्यात लिहितो, ‘बागेतला डबा’.

मी स्वतः हेच केलं होतं. त्या डब्यात काही खोट नव्हती. बाकाच्या फळीखाली, लोहचुंबकानं चिकटवलेला, अगदी पहिल्यांदा लपवणाऱ्याचा असतो तसा. पण वर्षभरानं एक ओळखीचा शोधकर्ता भेटला. त्याला तो डबा सापडलेला होता, त्याचा लॉग, म्हणजे वेबसाइटवर लिहिलेली शोधाची नोंद, मी वाचलेला होता, आणि तरी त्याला तो आठवेना. “बागेतला? कुठल्या बागेतला?” त्याचं काही चुकलं नव्हतं. त्यानं तोवर बागांमधले चाळीसेक डबे शोधले होते.

नवीन कॅश लपवणाऱ्यांनी नाव कसं शोधावं, कशाला भुलू नये आणि एकदा ठेवलेलं नाव कसं सांभाळावं, ते आता क्रमानं सांगतो. पायऱ्या आहेत, पण सगळ्या सारख्या उंचीच्या नाहीत.

आधी एक छोटी गोष्ट, नावाचीच

या खेळावरच नाव बदलायची वेळ आली होती. २ मे २००० रोजी अमेरिकेनं जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि हातातली यंत्रं एकाएकी कितीतरी जास्त अचूक झाली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगॉनमध्ये एक काळी बादली लपवली आणि तिचे कोऑर्डिनेट्स इंटरनेटवर टाकले. तेव्हा या प्रकाराला ‘जीपीएस स्टॅश हंट’ म्हणत. पण स्टॅश या शब्दाला चोरीच्या मालाचा, नको त्या पुड्यांचा वास येतो. महिना उलटायच्या आत, ३० मे रोजी, मॅट स्टम यांनी ‘जिओकॅशिंग’ हा शब्द सुचवला. कॅश म्हणजे लपवून ठेवलेला साठा. मूळ फ्रेंच, लपवणे या अर्थाच्या क्रियापदातून आलेला. खेळ तोच, बादली तीच, फक्त नाव बदललं, आणि घरी सांगायला संकोच वाटणार नाही अशी गोष्ट झाली.

(आपल्याकडे या शब्दाची वेगळीच पंचाईत आहे. ‘कॅश शोधायला चाललोय’ म्हटलं की ऐकणारा लगेच बरोबर यायला तयार होतो आणि डब्यात वहीचा तुकडा निघाला की रुसतो.)

पहिली पायरी: नाव बाजूला ठेवा, आधी एक वाक्य लिहा

कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहायचं: ‘माणसानं इथं यावं, कारण…’ आणि ते पूर्ण करायचं.

कारणं साधारण चार जातींची निघतात. एक, जागा बघण्यासारखी आहे. दोन, जागा सामान्यच आहे, पण लपवणूक झकास जमली आहे. तीन, तिथवर पोचण्याची वाट हीच गंमत आहे. चार, घरी बसून सोडवायचं कोडं हा खरा खेळ आहे आणि डबा म्हणजे फक्त शेवटची सही. नाव या कारणाकडे बोट दाखवणारं हवं. जागा बघण्यासारखी असेल तर नावात जागा यावी. लपवणूक मुख्य असेल तर नावानं जागेबद्दल बडबड करण्यात अर्थ नाही.

वाक्य पूर्णच होत नसेल, ‘कारण तिथं आसपास दुसरा डबा नव्हता’ एवढंच सुचत असेल, तर अडचण नावाची नाही. डबा उचला, दुसरी जागा बघा. हे कडू वाटेल, पण नाव शोधता शोधता दोन डबे मी असे परत आणले आहेत आणि दोन्ही वेळा हायसं वाटलं.

दुसरी पायरी: नावाचं काम काय आहे ते ओळखा

ओळख पटवणं हे नावाचं काम नाही. त्यासाठी प्रत्येक कॅशला जीसीनं सुरू होणारा स्वतःचा कोड मिळतो आणि तो जगात एकाच कॅशचा असतो. या कोडमागे बराच विचार आहे. आधीचे कोड सोळा चिन्हांच्या पद्धतीत होते; ते संपत आले तेव्हा एकतीस चिन्हांची पद्धत आली. अंक सगळे घेतले, पण रोमन अक्षरांमधली आय, एल, ओ, एस आणि यू ही पाच वगळली, कारण ती एक, शून्य, पाच किंवा दुसऱ्या अक्षरांसारखी दिसून घोटाळा करतात. म्हणजे यंत्राची सोय झालेली आहे.

डब्याचा आकार, कॅशचा प्रकार (ट्रॅडिशनल, मल्टी वगैरे), डिफिकल्टी (शोधणं किती अवघड), टेरेन (वाट किती खडतर) यांनाही लिस्टिंगमध्ये, म्हणजे कॅशच्या वेबसाइटवरच्या पानावर, आपापले रकाने आहेत. तेव्हा ‘छोटा मायक्रो’, ‘सोपा ट्रॅडिशनल’, ‘अवघड मल्टी’ असली नावं म्हणजे जे लिहिलेलंच आहे ते पुन्हा लिहिणं. मायक्रो म्हणजे १०० मिलीलिटरपेक्षा लहान, हे शोधणाऱ्याला चिन्हावरून कळतंच.

उरलं काय? माणसाची आठवण आणि माणसाची जीभ. दिवसभर भटकून वीस डबे शोधलेला माणूस रात्री लॉग लिहायला बसतो, तेव्हा त्याच्यासमोर नावांची यादी असते. कोणतं नाव वाचल्यावर ती जागा डोळ्यांपुढे उभी राहते आणि कोणतं वाचून ‘हा कुठला बरं?’ म्हणत नकाशा उघडावा लागतो? ज्याला नकाशा उघडावा लागतो तो ‘टीएफटीसी’ (‘थँक्स फॉर द कॅश’) एवढी चार अक्षरं टाकून पुढे जातो. फेव्हरिट पॉइंट, म्हणजे आवडलेल्या कॅशला द्यायची पसंती, त्याचंही तसंच. पैसे भरणाऱ्या प्रीमियम सदस्याला दहा शोधांमागे एक पॉइंट मिळतो आणि पुष्कळ जण तो त्या दिवशी न देता साठवून ठेवतात. मग महिन्यानं यादी खाली-वर करत वाटतात. आठवला तो डबा जिंकला.

तिसरी पायरी: जागेवर जाऊन बसा आणि नावं गोळा करा

घरी खुर्चीत बसून सुचलेलं नाव घरगुतीच निघतं. डबा ठेवलाय तिथे जा, पाच-दहा मिनिटं काही करू नका. काय ऐकू येतं? घंटा, पाण्याचा पंप, पोपटांची वस्ती, गाड्यांचा हॉर्न? काय दिसतं जे दुसरीकडे दिसत नाही? तिरका खांब, एकच चप्पल लटकलेलं झाड, कोणीतरी कधीकाळी लिहून ठेवलेला आणि अर्धा पुसलेला शब्द? पायाखाली काय आहे? त्या जागेला येणारे-जाणारे लोक काय म्हणतात? पाटीवरचं नाव वेगळं आणि लोकांच्या तोंडचं वेगळं असं फार वेळा असतं, आणि तोंडचं नाव बहुतेक वेळा सरस असतं.

सुचेल ते लिहीत जा. पंधरा तरी व्हायला हवीत. पहिली पाच हमखास टाकाऊ असतात, कारण ती सगळ्यांनाच सुचतात: गुप्त खजिना, लपाछपी, शोधा म्हणजे सापडेल, हिरवाईत, शांत जागा. सहाव्यापासून जरा रंग चढतो.

मराठीत विचार करणाऱ्याला इथं मोठा फायदा आहे, कारण आपल्या म्हणी आणि वाक्प्रचार लपवणं, शोधणं, फसणं यांनी नुसते भरलेले आहेत. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाच्या तळाशी जो धातूचा झगा असतो, त्याखाली डबा ठेवणं ही या खेळातली सगळ्यांत झिजलेली युक्ती. तिला ‘दिव्याखाली अंधार’ म्हणा, झिजलेल्या युक्तीला पुन्हा जरा धार येते. समोर असून दिसत नाही असा डबा असेल तर ‘काखेत कळसा’. बंद पडलेल्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी ‘बारा वाजले’, मग काटे कितीवर का अडकलेले असेनात. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला शेत आणि डबा नेमका बांधावर: ‘तळ्यात मळ्यात’. जिथं प्रत्येक जण आधी चुकीच्या वाटेनं जाऊन मग परततो, तिथं ‘गावाला वळसा’.

अर्थात शब्द सुचला म्हणून जागेवर लादायचा नाही. ‘आडात नाही तर पोहऱ्यात’ हे नाव मला इतकं आवडलं होतं की मी त्याच्यासाठी विहीर शोधत हिंडलो. मिळाली ती विहीर धोक्याची होती, कठडा ढासळलेला. नावापायी लोकांना तिथं वाकून बघायला लावणं हा शुद्ध गाढवपणा झाला असता. ते नाव अजून वहीतच आहे.

चौथी पायरी: नाव दोनदा वाचून बघा

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो इथं.

प्रत्येक कॅशचं नाव शोधणारा दोनदा वाचतो. एकदा निघण्याआधी, डबा कुठं आहे हे ठाऊक नसताना. दुसऱ्यांदा डबा हातात घेऊन, झाकणावरचं नाव बघताना. चांगल्या नावाचा अर्थ या दोन वाचनांच्या मधे बदलतो. पहिल्यांदा ते साधं वाटतं, नाहीतर थोडं कोड्यात टाकतं. दुसऱ्यांदा माणूस ‘असं होय!’ म्हणतो.

‘दिव्याखाली अंधार’ घ्या. निघताना ती नुसती म्हण आहे. खांबाचा झगा वर सरकवताना ती अक्षरशः खरी आहे. ‘बागेतला डबा’ला हे जमत नाही, कारण दोन्ही वाचनांत तो बागेतला डबाच राहतो. उलट टोकाला काही नावं पहिल्या वाचनात फार भारी असतात आणि दुसऱ्यात ढेपाळतात: ‘मृत्यूची दरी’, ‘शापित वाडा’, ‘अंतिम सत्य’. माणूस श्वास रोखून जातो आणि कुंपणाच्या जाळीत अडकवलेली फिल्मची डबी काढतो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. अशा नावावर चिडलेले लॉग येतात आणि ते रास्त असतात.

तपासायची रीत सोपी आहे. यादीतल्या प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहा: नवख्याला हे वाचून काय वाटेल, आणि शोधून झाल्यावर काय वाटेल. दोन्हींत एकच गोष्ट आली तर नाव कामचलाऊ आहे. दुसरी पहिलीपेक्षा फिकी असेल तर काट मारा. दुसरी पहिलीला उलटवत असेल तर ते नाव राखून ठेवा.

दर वेळी असं जमतंच असं नाही. निव्वळ सुंदर दृश्यासाठी ठेवलेल्या डब्याला त्या जागेचं साधं, खरं नाव शोभतं. ११ मे २००० रोजी कान्सासमध्ये ठेवलेली ‘मिंगो’ ही या खेळातल्या सगळ्यांत जुन्या कॅशपैकी एक. कोड जीसी३०, आणि नाव म्हणजे जवळच्या वस्तीचं नाव, बस्स. दोन अक्षरांत काम झालं. अर्थकॅशचंही असंच. तिथं डबाच नसतो, भूगर्भशास्त्राचा एक धडा असतो. तेव्हा खडकाचं किंवा घडणीचं नाव सरळ घेतलेलं बरं, शाब्दिक कसरत नको. स्मारक, दफनभूमी, अपघाताची जागा अशा ठिकाणीही कोटी करू नये. शोधणाऱ्यांपैकी कोणाचं दुःख त्या मातीत असेल, सांगता येत नाही.

पाचवी पायरी: नावानं किती सांगायचं?

लिस्टिंगमध्ये हिंट असते ती आरओटी-१३ या पद्धतीनं उलटसुलट केलेली. ज्याला हवी तो उलगडून वाचतो, ज्याला नको तो डोळ्याआड करतो. नावाला असं कुलूप नाही. ज्याला कसलीही मदत न घेता शोधायचं आहे, त्यालाही नाव वाचावंच लागतं आणि एकदा वाचलेलं न वाचल्यासारखं करता येत नाही. तेव्हा नावातून जे सांगाल ते सगळ्यांना सक्तीनं सांगितलंत असं धरून चाला.

याचा फटका मला बसला आहे. पुलाच्या कठड्यावरचा एक नकली बोल्ट मी पोकळ करून घेतला होता. फिरवला की आतून लॉगची सुरळी निघायची. डिफिकल्टी चार लावली आणि मोठ्या ऐटीत नाव दिलं ‘एक स्क्रू ढिला’. मला वाटलं, कोटी आहे, लोक हसतील. पहिल्या शोधकर्त्यानं लॉगमध्ये लिहिलं: ‘नाव वाचलं, पुलावर गेलो, बोल्ट हलवून पाहिले, तिसरा फिरला. सहा मिनिटं.’ चारची डिफिकल्टी मला दोनवर आणावी लागली. नाव वाईट नव्हतं. त्या आकड्यासाठी वाईट होतं.

डिफिकल्टी आणि टेरेन एकपासून पाचपर्यंत अर्ध्या-अर्ध्या पायरीनं चढतात. माझा ढोबळ हिशेब असा: दीडपर्यंतच्या कॅशला नावातून सरळ सांगितलं तरी चालतं, लहान मुलांना घेऊन आलेली कुटुंबं खूश होतात. दोन-अडीचला नावानं दिशा दाखवावी, वस्तू नाही. तीन आणि पुढे नावाचा अर्थ फक्त मागे वळून पाहताना लागावा. मुद्दाम दिशाभूल करणारं नाव म्हणजे झाडाचा काही संबंध नसताना ‘पारंब्या’ ठेवणं. एखाद्या वेळी ते गमतीचं असतं, पण मग लोक त्या झाडाच्या फांद्या ओढतील, ढोली खरवडतील, त्याचा दोष तुमच्याकडे येतो.

मिस्टरी कॅशची, म्हणजे आधी कोडं सोडवून मग शोधायच्या कॅशची, गोष्ट वेगळी. तिथं नकाशावरचं चिन्ह बहुधा खोटंच असतं. खरा डबा त्यापासून ३.२ किलोमीटरपर्यंत कुठंही असू शकतो. त्यामुळे नाव हीच कोड्याची पहिली ओळ होऊन बसते, तुमची इच्छा असो वा नसो. सोडवणारे नावाचं अक्षर न् अक्षर पिंजतात: शब्दांची अक्षरं मोजतात, उलटं वाचतात, आद्याक्षरं जुळवतात. तुम्ही सहज ठेवलेलं ‘सात पावलं’ हे नाव त्यांना सातच्या पाढ्यात तीन दिवस अडकवून ठेवेल. म्हणून कोड्याच्या कॅशला एक तर नाव खरोखर किल्ली असू द्या, नाहीतर इतकं निरुपद्रवी ठेवा की त्यात कोणी किल्ली शोधू नये. मधलं काही ठेवलंत तर मेल येतात. भरपूर येतात.

सहावी पायरी: नियमांची चाळण

लिस्टिंग प्रसिद्ध होण्याआधी स्वयंसेवक रिव्ह्यूअर ती वाचतात आणि नावालाही तेच नियम लागू असतात जे वर्णनाला. दुकानाचं, कंपनीचं, उत्पादनाचं नाव घालून जाहिरात वाटेल असं काही नको. राजकीय, धार्मिक, सामाजिक प्रचार नको, तुमचा मुद्दा कितीही योग्य असला तरी. घरातल्या आठ वर्षांच्या मुलानं मोठ्यानं वाचलं तर कोणी खाली मान घालणार नाही, एवढं सभ्य असावं. चॅलेंज कॅश असेल, म्हणजे आधी काही अट पूर्ण करावी लागणार असेल, तर नावात ‘चॅलेंज’ हा शब्द असणं बंधनकारक आहे. त्याला पर्याय नाही.

एक गोष्ट मी माझ्यापुरती नियम करून टाकली आहे: बॉम्ब, विष, अमली पदार्थ, ‘धोका’, ‘स्फोट’ असे शब्द नावात नाहीत. नाव फक्त पडद्यावर राहत नाही, ते डब्यावरही लिहिलं जातं. तो डबा कधी ना कधी खेळाशी संबंध नसलेल्या माणसाला, म्हणजे आपल्या भाषेत मगलला, सापडणार. कोपऱ्यात लपवलेली बंद वस्तू बघून लोक पोलिसांना बोलावतात, असं जिओकॅशच्या बाबतीत खरोखर घडलेलं आहे. त्यावर ‘टाइमबॉम्ब क्रमांक २’ लिहिलेलं असेल तर समजावून सांगायला कोणी थांबणार नाही.

सातवी पायरी: लांबी, लिपी, आकडे

अॅपच्या यादीत आणि यंत्राच्या छोट्या पडद्यावर लांब नावाची शेपटी कापली जाते. म्हणून वेगळेपणाचा शब्द पुढे घ्या. ‘टेकडीवरच्या जुन्या वाटेवरची एकटी घंटा’ हे पडद्यावर ‘टेकडीवरच्या जुन्या…’ एवढंच उरेल. ‘एकटी घंटा’ म्हणा की.

देवनागरीत नाव ठेवायला हरकत काहीच नाही, फोनवर ते व्यवस्थित दिसतं. पण हातात धरायच्या जुन्या जीपीएस यंत्रांमध्ये ही लिपी नसेल तर अक्षरांऐवजी चौकोन उमटतात, आणि परक्या भाषेतल्या शोधकर्त्याला नाव वाचताही येत नाही. मी देवनागरीत नाव देतो आणि आडव्या रेघेनंतर तेच रोमन लिपीत लिहितो. भाषांतर मात्र नावात नाही, वर्णनात. म्हणीचं भाषांतर नावात कोंबलं की म्हण मरते आणि नावही. चिन्हं, चांदण्या, हसरे चेहरे टाळलेले बरे. शोधताना ते कोणाला टाइप करता येत नाहीत.

मालिका करणार असाल तर थोडं थांबून विचार करा. मालिकेचं समाईक नाव ही लोकांना दिलेली खूण असते. ब्रिटनमध्ये ‘चर्च मायक्रो’ म्हटलं की चर्चजवळचा छोटा डबा, ‘साइडट्रॅक्ड’ म्हटलं की रेल्वे स्टेशनपाशी, ‘अ फाइन पेअर’ म्हटलं की लाल टेलिफोन बूथ आणि पत्रपेटी एकाच नजरेत. तिथं नावाचा पहिला अर्धा भागच अर्धं वर्णन करून टाकतो. अशा चालू मालिकेत तुमचा डबा घालायचा असेल तर आधी ती सांभाळणाऱ्याला विचारा. ‘चर्च मायक्रो’त क्रमांक वाटून दिले जातात, मनानं घ्यायचे नसतात.

स्वतःची मालिका असेल तर आकड्यांपुढे शून्य लावायला विसरू नका. एक, दोन, दहा असं लिहिलंत तर यादी लावताना एकनंतर थेट दहा येतो. नेवाडाच्या वाळवंटातला ‘ई.टी. हायवे’ हा हजाराहून जास्त डब्यांचा माग चार-चार आकडी क्रमांकांनी चालतो, तो उगाच नाही. तरी माझं मत विचाराल तर, पाच-सात डब्यांच्या मालिकेत नुसते आकडे नकोत; प्रत्येकाला आकड्यासोबत स्वतःचा एक शब्द द्या. ‘ओढ्याकाठी ०३’ आणि ‘ओढ्याकाठी ०४’ यांचे लॉग हटकून एकमेकांवर जातात. एकाचा डीएनएफ (‘डिड नॉट फाइंड’, म्हणजे सापडला नाही अशी नोंद) दुसऱ्यावर नोंदला जातो आणि तुम्ही चांगला असलेला डबा तपासायला उन्हात जाता. ‘ओढ्याकाठी ०३: खेकडा’ म्हटलं की हे थांबतं.

आठवी पायरी: आधी कोणी ठेवलंय का?

नावानं शोधून बघा. जगाच्या दुसऱ्या टोकाला तेच नाव असेल तर असू द्या, कोड वेगळा आहे. एका दिवसात फिरता येईल एवढ्या परिसरात असेल तर बदला. जुन्या खेळाडूच्या प्रसिद्ध कॅशच्या नावावर हलकी कोटी करायची असेल तर आधी त्याला कळवा. बहुतेकांना आनंदच होतो.

नववी पायरी: फोनवर सांगून पाहा

शेवटी दोन-तीन नावं उरतील. खेळाशी संबंध नसलेल्या कोणाला तरी फोन करा आणि ती फक्त एकदा म्हणून दाखवा, स्पेलिंग न सांगता, अर्थ न फोडता. दुसऱ्या दिवशी विचारा, कोणतं आठवतंय. दोन शोधकर्ते रस्त्यात भेटले की “तो ‘काखेत कळसा’ मिळाला का रे?” असंच बोलणार आहेत. जे नाव म्हणताना जीभ अडखळते किंवा समजावून सांगावं लागतं, ते कागदावर कितीही हुशार दिसलं तरी बाजारात चालत नाही. अशा चाचणीत माझी स्वतःची लाडकी नावं धडाधड पडलेली आहेत.

आणि एक रात्र जाऊ द्या. रात्री अकराला सुचलेली कोटी सकाळी सातला कोटी राहते का, एवढंच बघायचं.

प्रसिद्ध झाल्यावर

कॅश प्रसिद्ध झाल्यानंतरही मालकाला नाव बदलता येतं. पण ज्यांनी ती याद्यांत टाकली आहे, ज्यांनी कोडं सोडवून ठेवलं आहे, ज्यांनी आपल्या लॉगमध्ये नावावरून विनोद केला आहे, त्या सगळ्यांचा धागा तुटतो. चूक दुरुस्त करायची असेल तर पहिल्या आठवड्यात करा. नंतर बदल करण्याचं सबळ कारण एकच: नावामुळे लोक चुकीच्या जागी खणताहेत, चढताहेत किंवा कोणाच्या आवारात शिरताहेत. बदललंत तर डब्यावरची चिठ्ठी आणि लॉगबुकचं पहिलं पान हेही बदला, नाहीतर शोधणाऱ्याला वाटतं की भलताच डबा हाती लागला.

नाव ठेवतानाच ते किती टिकेल याचा अंदाज घेतलेला बरा. ‘नवा पूल’ पाच वर्षांत नवा राहत नाही. ‘वाळलेलं झाड’ एखाद्या वादळात जातं. या वर्षीच्या गाजलेल्या विनोदावर बेतलेलं नाव पुढच्या वर्षी कोणाला कळत नाही.

माझा एक डबा आहे, ‘पिवळं दार’. एका पडक्या गोदामाच्या दाराजवळच्या भिंतीत, सैल विटेमागे, मालकाला विचारून ठेवलेला. नाव अगदी साधं, कारण दारच इतकं भडक होतं की लांबून दिसायचं. तीन वर्षांनी मालकानं गोदाम दुरुस्त केलं, वीट तशीच राहू दिली आणि दार निळं रंगवलं. मी नाव बदलायला बसलो होतो, तेवढ्यात एक लॉग आला: ‘अर्धा तास पिवळं दार शोधत होतो. मग निळ्या दाराच्या बिजागरीपाशी रंगाचा पोपडा उडालेला दिसला. आत पिवळा.’ मी नाव तसंच ठेवलं आणि डिफिकल्टी दीडवरून अडीच केली.